हायड्राइड टाकीच्या नोंदी: उष्णता कुठे अडते

४ जून

आराखडा पक्का झाला. एका बाजूला १०० वॅटचा फ्यूल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून वीज बनवणारा संच, पॉलिमर पटलाचा, पंख्याच्या हवेवर थंड होणारा. दुसऱ्या बाजूला त्याला हायड्रोजन पुरवणारी धातू-हायड्राइडची टाकी, म्हणजे हायड्रोजन धातूच्या भुकटीत शोषून ठेवणारी. फ्यूल सेल तयार घेतला आहे, टाकी आपण बनवायची.

मिश्रधातू लॅन्थेनम-निकेल, लॅन्थेनमच्या एका अणूमागे निकेलचे पाच. फिलिप्सच्या आइंडहोव्हनमधल्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस याचं हायड्रोजन शोषणं लक्षात आलं आणि तेव्हापासून यावर इतकं काम झालंय की गुणधर्मांचे आकडे विश्वासाने वापरता येतात. वजनाच्या हिशेबात मात्र तो दुबळा. स्वतःच्या वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन धरतो. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये ७.६ टक्के हायड्रोजन मावतो, पण तो बाहेर काढायला ३०० अंशांच्या आसपास धग लागते आणि आपल्या फ्यूल सेलमध्ये इतकी गरम जागाच नाही. जर्मनीच्या २१२ए वर्गाच्या पाणबुड्यांत फ्यूल सेलसाठी हायड्रोजन हायड्राइडमध्येच साठवतात. पाणबुडीला जडपणाचं वावडं नसतं. आपलंही उपकरण एका जागी बसून राहणार आहे, तेव्हा वजन चालेल.

भुकटी २ किलो घ्यायची. व्यवहारात १.२ टक्के हाती लागेल असं धरलं तर २४ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे साधारण २७० लिटर. फ्यूल सेल ५० टक्के कार्यक्षमतेने चालला तर १०० वॅटला मिनिटाला १.१ लिटर लागतो. चार तासांची बेगमी झाली.

७ जून

आजचा दिवस कागदावरच्या उष्णतेचा. बाकी सगळी रचना यावरूनच ठरणार आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

हा मिश्रधातू एक मोल हायड्रोजन शोषतो तेव्हा ३०.८ किलोजूल उष्णता बाहेर पडते. हायड्रोजन परत काढायचा तर तेवढीच उष्णता आत घालावी लागते. २४ ग्रॅम म्हणजे १२ मोल, म्हणजे एका भरणीला ३७० किलोजूल. दर किलो भुकटीमागे १८५. या धातूची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे ०.४२ किलोजूल. सगळी उष्णता भुकटीतच कोंडून राहिली असती तर तापमान ४४० अंशांनी चढलं असतं.

तसं होत नाही, कारण तापमान चढलं की समतोल दाबही (ज्या दाबाला धातू हायड्रोजन शोषतही नाही आणि सोडतही नाही तो) चढतो, आणि तो बाहेरून दिलेल्या दाबाला गाठतो तिथे शोषण थांबतं. हिशेबाने ० अंशाला समतोल दाब ०.५६ बार, २० अंशांना १.४, ४० ला ३.२, ६० ला ६.५ आणि ७३ च्या सुमारास १० बार. (या नोंदीतले दाब सगळीकडे निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेले आहेत.) आपण १० बारने भरणार. म्हणजे भुकटी २० वरून ७३ अंशांवर गेली की दार बंद. त्या ५३ अंशांच्या चढाला किलोमागे २२ किलोजूल पुरतात, आणि पूर्ण भरणीला हवेत १८५. पहिल्या झटक्यात टाकीचा आठवा हिस्सा भरेल. त्यापुढचा प्रत्येक ग्रॅम उष्णता ज्या गतीने बाहेर जाईल त्याच गतीने आत येईल. गॅसचा दाब, नळीचा व्यास, व्हॉल्व्ह, या सगळ्याला दुय्यम महत्त्व.

म्हणून ही टाकी मी आधी उष्णता-विनिमयक (उष्णता आत-बाहेर नेणारं साधन) म्हणून आखणार आणि मग गॅसचं भांडं म्हणून. गॅस किती मावेल हे मिश्रधातू ठरवतो. तो किती वेगाने आत-बाहेर होईल हे मात्र आपल्या आखणीवर आहे, आणि काम करण्याजोगी जागा तीच.

८ जून

कालच्या आकड्यांवरून वेळेचा अंदाज. ६० मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी, बाहेरून पाण्याने २० अंशांवर राखलेली. भुकटीच्या थराची वाहकता हायड्रोजनच्या दाबाखाली मीटर-केल्विनला साधारण १ वॅट. अखंड धातू याच्या कितीतरी पट चांगला वाहक असतो, पण भुकटीत कण एकमेकांना टेकतात ते टोकांनी, त्यामुळे उष्णता बरीचशी मधल्या गॅसमधून जाते. गॅस काढून घेतला तर हीच वाहकता एकदशांशाच्या आसपास उतरते.

कडेपासून मध्याकडे सरकणारी भरलेल्या भुकटीची सीमा धरून गणित केलं. अर्धी टाकी ८ मिनिटांत, ८० टक्के २५ मिनिटांत, पूर्ण ५२ मिनिटांत. शेवटचा पाचवा हिस्सा अर्ध्याहून जास्त वेळ खातो, कारण मध्यातली उष्णता आधीच भरलेल्या जाड थरातून वाट काढत बाहेर येते. वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. व्यास निम्मा केला तर वेळ पाव.

२० जून

भांडं तयार. स्टेनलेस स्टीलची नळी, भिंत ३ मिलिमीटर, आतली लांबी २२ सेंटिमीटर. मध्यातून सच्छिद्र पोलादाची बारीक गाळणीनळी, गॅस सगळ्या लांबीत सारखा पोचावा आणि भुकटी व्हॉल्व्हमध्ये शिरू नये म्हणून. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) तीन: मध्याजवळ, अर्ध्या त्रिज्येवर आणि भिंतीलगत.

भुकटी काठोकाठ भरायची नाही. हायड्रोजन शिरला की हा धातू आकारमानाने सुमारे २५ टक्के फुगतो, आणि फुगताना त्याचा जोर इतका असतो की जागा नसेल तर पोलादी भिंतही वाकते. २ किलो धातूचं घन आकारमान ०.२४ लिटर, फुगल्यावर ०.३०. भांडं ०.६२ लिटरचं. निम्म्याहून थोडी जास्त जागा मोकळी. तरीही निर्धास्त राहता येत नाही, कारण फुगण्या-आकसण्याने कण फुटत जातात आणि काही मायक्रॉनांची पूड खाली बसते. वरची मोकळी जागा तळाच्या उपयोगाची नाही. भांडं आडवं ठेवायचं ठरवलं आणि तळाच्या भिंतीवर विकृतिमापक पट्टी (भिंत किती ताणली जाते ते मोजणारी) चिकटवली.

२७ जून

हेलियमने गळती तपासली, मग निर्वात करून ८० अंशांवर तापवलं आणि १० बार हायड्रोजन दिला. पहिल्यांदा बराच वेळ काहीच झालं नाही. कणांवरचा ऑक्साइडचा थर फुटेपर्यंत हायड्रोजनला आत वाट नसते. नंतर मधल्या थर्मोकपलचा आकडा उचलला गेला आणि पाठोपाठ प्रवाहमापकाचा. काही फेऱ्यांनंतर शोषण तत्काळ सुरू होऊ लागलं.

आता हे भांडं हवेत उघडायचं नाही. ताजी, सक्रिय झालेली पूड हवेत आपोआप पेट घेऊ शकते. उघडण्याची वेळ आलीच तर आधी निर्वात करून, मग हवा अगदी थोडी थोडी सोडून पृष्ठभाग निवू द्यायचा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत ज्वलनशील असतो, म्हणून छताजवळचा पंखा चालू असल्याशिवाय सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, हेही भिंतीवर लिहून लावलं.

३ जुलै

भरण्याची पहिली पूर्ण चाचणी, पाण्याच्या टाकीत बुडवून.

आलेख बघण्यासारखा आला. व्हॉल्व्ह उघडल्यावर मिनिटाच्या आत तिन्ही थर्मोकपल वर गेले. भिंतीलगतचा लगेच उतरायला लागला. अर्ध्या त्रिज्येवरचा थोडा वेळ सपाट राहिला आणि मग उतरला. मध्यातला ६९ अंशांवर जाऊन तिथेच थांबला, अर्ध्या तासाहून जास्त वेळ, रेघ मारल्यासारखा. त्या सपाट रेघेचा अर्थ असा की तिथली भुकटी भरायला तयार आहे, गॅस शेजारी आहे, दाब आहे, फक्त उष्णतेला बाहेर पडायची पाळी आलेली नाही. पाळी आली तसा आकडा घसरला आणि थोड्याच वेळात तो कणही भरून गेला. हिशेबाचे ७३ न येता ६९ आले, कारण शोषणाचा दाब सोडण्याच्या दाबापेक्षा थोडा वरचा असतो आणि हिशेबातला आकडा दोन्हींच्या मधला आहे.

८० टक्क्यांना अर्धा तास, पूर्ण भरायला तासाहून थोडं जास्त. गणिताने सांगितलं होतं त्याच्या जवळपास.

९ जुलै

आज टाकी टेबलावर ठेवून, खोलीच्या स्थिर हवेत, फ्यूल सेलला जोडली. हवा २५ अंश. फ्यूल सेलकडे जाणारा दाब नेमका राखणाऱ्या रेग्युलेटरला आत किमान १.५ बार लागतो.

पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत. १०० वॅट निघत होते, दाब हळूहळू उतरत होता. मग दाब १.५ च्या खाली गेला आणि फ्यूल सेलचं व्होल्टेज कोसळायच्या आत आपण भार काढला. टाकीत जवळजवळ सगळा हायड्रोजन शिल्लक होता. भिंतीला हात लावला तर गार.

सुरुवातीच्या मिनिटांवर भरवसा का ठेवू नये तेही आता आकड्यांत सांगता येतं. मोकळ्या जागेतला १० बारचा गॅस तीनेक मिनिटं पुरतो. धातू आणि पोलाद मिळून अंशामागे साधारण १.७ किलोजूल साठवण आहे. २५ वरून २१ अंशांवर उतरेपर्यंत ती आणखी पाचेक मिनिटं देते. २१ अंशांच्या खाली समतोल दाबच १.५ बारच्या खाली जातो. त्यानंतर बाहेरून येईल तेवढीच उष्णता. छोट्या चाचणीवर समाधान मानून टाकी उत्तम चालते असं जाहीर करणं फार सोपं आहे. हायड्राइडची चाचणी निदान अर्धा हायड्रोजन संपेपर्यंत चालवल्याशिवाय तिच्यावर काही बोलू नये, असं माझं ठाम मत झालंय.

१० जुलै

कालच्या निकालाची फोड. १०० वॅट वीज काढायला हायड्राइडला २५ वॅट उष्णता लागते. ती बाहेरच्या हवेतून भुकटीपर्यंत येताना तीन अडथळे ओलांडते, म्हणून प्रत्येकाची किंमत काढली, वॅटमागे किती अंश खर्च होतात अशी.

बाहेरची स्थिर हवा: १.७ अंश.
पोलादी भिंत: ०.००५ अंश.
भुकटीचा थर, अर्धी टाकी रिकामी असताना: ०.३१ अंश.

हे तीन आकडे मी दिवसभर डोळ्यांसमोर ठेवले. २५ वॅटना बाहेरच्या हवेतच ४२ अंश खर्च होतात. म्हणजे भिंत उणे १७ अंशांवर जायला हवी, आणि त्या तापमानाला समतोल दाब पाव बारसुद्धा नाही. दाब १.५ वर राखायचा तर हवा आणि भिंत यांत ४ अंशांचाच फरक परवडतो, त्यातून २.४ वॅट येतात, आणि तेवढ्यावर फ्यूल सेल १० वॅटच्या आसपासच चालेल. १०० वॅटच्या टाकीतून १० वॅट.

भरताना पाणी असतं, म्हणून भुकटी आडवी येते. रिकामी करताना हवा असते, म्हणून हवा आडवी येते. एकाच टाकीच्या दोन कामांत दोन वेगळे अडथळे आहेत. भुकटीत काहीही घातलं तरी कालची चाचणी सुधारली नसती. आधी बाहेरचं बघायचं.

याच वागण्याची चांगली बाजूही नोंदवतो. नळी तुटली, गॅस मोकळा सुटला, तर टाकी स्वतःच गार होते आणि गळतीचा वेग आपोआप मंदावतो. दाबाखालच्या साध्या सिलिंडरला हा गुण नाही. उलट बाहेरून आग लागली तर मात्र १०० अंशांना २१ बार आणि १५० अंशांना ७० च्या जवळ दाब होतो. सुरक्षा व्हॉल्व्हला पर्याय नाही.

१८ जुलै

उष्णता शोधायला लांब जायचं नव्हतं. फ्यूल सेल १०० वॅट वीज देताना जवळजवळ तेवढीच उष्णता फेकतो. टाकीला हवी त्याच्या चौथाई. ही उष्णता पंख्याच्या वाऱ्याबरोबर ४५ अंशांवर बाहेर पडते. पातळ पत्र्याची वाहिनी बनवून तो वारा टाकीभोवतीच्या अरुंद फटीतून नेला.

बाहेरचा अडथळा १.७ वरून ०.५ वर आला. हवा गरम आहे हा एक फायदा, वेगाने घासून जाते हा दुसरा. २५ वॅटना १२ अंश खर्च होऊन भिंत ३३ वर स्थिरावली. पंख्यावरचा भार थोडा वाढला, तो फ्यूल सेलच्या तापमानावर लक्ष ठेवून तपासला. फट जास्त अरुंद केली तर फ्यूल सेलच तापतो.

यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे भार वाढला की टाकीला जास्त उष्णता लागते आणि त्याच वेळी फ्यूल सेलही जास्त उष्णता फेकतो. नियंत्रक न लावता दोन्ही एकमेकांशी जुळतात.

२३ जुलै

पूर्ण भारावर लांब चाचणी. अर्ध्या टाकीपर्यंत दाब १.७ च्या वर. मग घसरण. टाकीत तिसरा हिस्सा उरला असताना रेग्युलेटर उपाशी राहिला. भिंत ३३ वर, मध्य २१ च्या खाली. बाहेरचा अडथळा कमी झाल्याबरोबर आतला पुढे आला. भार निम्मा केला की उरलेलाही निघतो, पण आपल्याला शेवटपर्यंत पूर्ण भार हवा आहे.

२ ऑगस्ट

भुकटीची वाहकता वाढवायचे दोन मार्ग समोर होते. एक, विस्तारित ग्राफाइट (तापवून फुगवलेला, उष्णता चांगली वाहणारा कार्बन) मिसळून दाबलेल्या वड्या. त्यांची वाहकता त्रिज्येच्या दिशेने भुकटीच्या कित्येक पट असते, पूडही जागच्या जागी राहते. पण दाबायला मोठा प्रेस आणि साचा लागतो, आणि वडी व भिंत यांच्यात फट राहिली तर फायदा तिथेच संपतो. दुसरा, अॅल्युमिनियमच्या चकत्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या, दोन चकत्यांत ६ मिलिमीटर भुकटी. आकारमानाचे ८ टक्के जातात, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास वाढतं, आणि त्रिज्येच्या दिशेची वाहकता १ वरून १६ च्या पुढे जाते. चकत्या निवडल्या, कारण त्या इथे लेथवर आणि साध्या साच्यावर होतात.

खरा मुद्दा चकतीच्या कडेचा आहे. चकती नुसती कापून नळीत सरकवली तर भिंतीला तोंड देते ती फक्त अर्ध्या मिलिमीटरची धार. मध्ये एकदशांश मिलिमीटरची फट धरली, त्यात हायड्रोजन, तर सगळ्या चकत्यांच्या धारा मिळून वॅटमागे ०.२१ अंशांचा अडथळा होतो. भुकटीचा मूळचा होता ०.३१. एवढा खटाटोप करून हाती थोडंच लागलं असतं. म्हणून प्रत्येक चकतीची कड ४ मिलिमीटर काटकोनात वळवली, डब्याच्या झाकणासारखी. भिंतीला लागून असलेला पृष्ठभाग आठपट झाला, अडथळा ०.०३ च्या आत आला. वळवताना कड फाटू नये म्हणून पत्रा आधी तापवून नरम केला आणि वळणाला बारीक गोलाई ठेवली. चकतीच्या मध्याला गाळणीनळीसाठी भोक, तेही घट्ट नाही, थर्मोकपल आणि गॅस दोन्हींना वाव राहील इतपत.

आणखी एक लाभ: चकत्यांमुळे भुकटीचे लहान लहान कप्पे झाले, त्यामुळे पूड लांबीच्या दिशेने सरकून एका टोकाला साचणार नाही. मला हा लाभ वाहकतेइतकाच मोलाचा वाटतो, कारण भांड्याचं आयुष्य त्यावर आहे.

१४ ऑगस्ट

नवी भुकटी, नव्या चकत्या, पुन्हा सक्रिय करून भरण्याची चाचणी. ८० टक्के ८ मिनिटांत, पूर्ण ११ मिनिटांत. मध्यातली ती लांब सपाट रेघ आता जेमतेम दिसते.

आता उष्णतेचा वेग साडेपाचशे वॅटच्या घरात गेलाय, आणि एवढ्या वेगाला संथ पाणीच अडथळा ठरतं. पाणी फिरवणारा पंप जोरात केला तेव्हाच हा आकडा आला. गॅसही मिनिटाला २५ लिटरच्या आसपास लागतो, त्यामुळे सिलिंडरचा रेग्युलेटर आणि नळी यांच्याकडेही आता पाहावं लागेल. जूनमध्ये दुय्यम म्हटलेल्या गोष्टी आता हिशेबात आल्या. टाकीचं भरणं आणखी वेगवान करण्यात मला रस उरलेला नाही. ११ मिनिटं पुरेशी आहेत.

१६ ऑगस्ट

पूर्ण भार, वाहिनीतली गरम हवा, चकत्यांची टाकी. दाब २.१ बारवर जवळजवळ आडव्या रेघेत, अगदी शेवटच्या काही लिटरपर्यंत. मध्य आणि भिंत यांत एक-दोन अंशांचा फरक. सकाळी सुरू केलेला फ्यूल सेल दुपारपर्यंत न अडखळता चालला. मनापासून आनंद झाला.

२५ ऑगस्ट

भरणं-रिकामं करणं रोज चालू आहे. विकृतिमापकात तळाचा ताण वाढलेला नाही. हायड्रोजन ९९.९९९ टक्के शुद्धतेचाच वापरायचा. ओलावा, ऑक्सिजन आणि विशेषतः कार्बन मोनॉक्साइड हे मिश्रधातूलाही मारतात आणि फ्यूल सेलमधल्या प्लॅटिनमलाही.

वाहिनीतला वारा दमट असतो, कारण फ्यूल सेलचं पाणी त्यातूनच जातं. टाकीची भिंत गार असताना तिच्यावर दव धरतं. उष्णतेच्या दृष्टीने ते उपकारकच, वाफ पाणी होताना आपली उष्णता भिंतीला देऊन जाते. पण थेंब थर्मोकपलच्या जोडांपर्यंत पोचू नयेत म्हणून वाहिनीला खाली निचऱ्याचं भोक पाडलं.

३० ऑगस्ट

राहिलेला प्रश्न गार सुरुवातीचा. टाकी ५ अंशांवर असेल तर समतोल दाब ०.७ बार, वातावरणापेक्षाही कमी. फ्यूल सेल सुरूच होणार नाही, आणि तो सुरू झाल्याशिवाय गरम वारा नाही.

बॅटरीने टाकी २१ अंशांवर आणायला २७ किलोजूल, म्हणजे साडेसात वॅट-तास लागतात. होण्यासारखं आहे, पण टाकीला तापवणी गुंडाळणं आणि बॅटरी सांभाळणं आलं. मला दुसरा मार्ग जास्त पटतो: २०० ग्रॅमची वेगळी बारीक नळी, तिच्यात लॅन्थेनमचा काही भाग सेरियमने बदललेला मिश्रधातू. सेरियमने समतोल दाब चढतो, त्यामुळे ती ५ अंशांनाही गॅस देईल. २०० ग्रॅममधून पूर्ण भारावर वीसेक मिनिटं निघतात, आणि तेवढ्यात फ्यूल सेल मोठ्या टाकीला लागणाऱ्या उष्णतेच्या कितीतरी पट उष्णता वाऱ्यात सोडतो.

अडचण भरण्याची आहे. सेरियम जास्त झालं तर समतोल दाब १० बारच्या पुढे जाईल आणि आपल्या सिलिंडरच्या दाबावर ती नळी भरणारच नाही. शिवाय सेरियमने शोषणाचा आणि सोडण्याचा दाब यांतली तफावतही वाढते. भरताना २० अंशांच्या पाण्यात शोषणाचा दाब ६ बारच्या आत राहावा आणि सुरुवातीला ५ अंशांना सोडण्याचा दाब १.५ च्या वर असावा, या दोन मर्यादांमध्ये बसणारं प्रमाण शोधायला सोमवारपासून लहान नमुन्यांची मोजणी सुरू करतो. नळीचा व्यास १६ मिलिमीटर ठेवला आहे; एवढ्या बारीक नळीत चकत्यांची गरज पडणार नाही.